ट्रॅकसाठी सेडान की कूपे? आधी ब्रेक बघा

प्रश्न: मी ३९ वर्षांचा, घणसोलीला राहतो. तुर्भे एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. घरी आई, बायको आणि दोन मुलं. सगळ्यांसाठी इनोव्हा आहे आणि माझ्या रोजच्या वापराला २०२३ची व्हर्टस जीटी, मॅन्युअल. मित्रांचा ग्रुप वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूर किंवा चेन्नईला ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपापली गाडी पळवायला, जातो. मलाही आता जायचंय. आजवर ट्रॅकवर गाडी चालवलेली नाही. ऑन-रोड एक कोटीपर्यंत ताणू शकतो. तीन गाड्यांवर घोडं अडलंय: नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय, ही चार दारांची सेडान; आणि दोन दारांच्या दोन कूपे, नवी बीएमडब्ल्यू एम२ आणि वाशीतल्या एका ओळखीच्यांची २०१९ची मर्सिडीज-एएमजी सी४३. मित्र म्हणतात, ट्रॅकला दोन दारांचीच हवी. एकाने त्याची एम३४०आय रात्री पाम बीच रोडवर चालवायला दिली होती, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बायको विचारते, वर्षातल्या तीन दिवसांसाठी एवढे पैसे? मोठा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला ट्रॅकवर शेजारी बसायचंय. काय करू?

उत्तर: आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तिघींपैकी तुमच्यासाठी एम३४०आय. पण ती यंदा घेऊ नका. यंदाचा सीझन व्हर्टस घेऊन जा आणि त्यासाठी ब्रेक आणि टायरवर थोडे पैसे घाला.

ट्रॅकवर तिघींत उजवी एम२ आहे, यात वादच नाही. आली तेव्हा ४६० हॉर्सपॉवर, नंतर ४८०. सगळी ताकद मागच्या चाकांना, हवा असेल तर सहा गिअरचा मॅन्युअल, पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर, टायर पुढे २७५ आणि मागे २८५ रुंदीचे. तुमच्याकडे आणखी पंचवीस-तीस लाख सुटे असते आणि ट्रॅकवर दोन सीझन झालेले असते, तर मी दुसऱ्या गाडीचं नाव काढलं नसतं. पण तुमची मर्यादा ऑन-रोड एक कोटीची आहे. एम२ मे २०२३ मध्ये इथे आली ती ९८ लाखांना, तीही एक्स-शोरूम. ती तयार होऊन बाहेरून येते आणि आयात गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के. म्हणजे त्या भावावर साडेएकोणीस लाख नुसते आरटीओचे, विमा वेगळा. एम३४०आय चेन्नईत जुळवली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा भाव ६९ लाख २० हजार होता. इथे जुळवलेली, २० लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर टॅक्स १३ टक्के, म्हणजे नऊ लाख. त्यानंतर भाव हलले आहेत, तेव्हा आजचं कोटेशन दोन्हींचं लेखी घ्या. पण दोघींमधली दरी साधारण एवढीच मोठी राहील. आणि गाडी युनिटच्या नावावर घ्यायचा विचार असेल, तर कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही २० टक्केच लागतात. सीए घसाऱ्याचा फायदा सांगतील, त्यांना हा फरकही शेजारी मांडायला सांगा.

एम२साठी मर्यादा मोडलीत, तर गाडी दारात उभी राहील आणि ती ट्रॅकवर न्यायला पैसे उरणार नाहीत. टायरचा एक सेट, ब्रेक पॅडचे दोन सेट, ट्रेलरचं भाडं, ट्रॅकची फी, राहणं-जाणं हा सगळा खर्च गाडीच्या किमतीबाहेरचा आहे आणि दर वर्षी आहे. नवी एम२ घेऊन वर्षभरात तिला एकदाही ट्रॅक न दाखवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बोलण्यातली हळहळ मला फार लागते, कारण हौस खरी होती.

आता दोन दारांचं. दोन दारं कमी म्हणून गाडी आपोआप हलकी होत नाही. एम२ आणि एम३४०आय वजनाला जवळजवळ सारख्याच, दोन्ही १,७०० किलोच्या आगेमागे. सी४३ कूपेही त्याच पंक्तीतली. एम२चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे दहा सेंटिमीटर आखूड आहे, त्यामुळे ती वळणात पटकन तोंड फिरवते. तो फरक हाताला जाणवतो, पण तो जाणवायला आधी हात तयार व्हावा लागतो. कूपेचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर पोर्शे ७१८ केमन बघा. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, आणि वजन १,३५० किलोच्या आसपास. तिथे कूपे असण्याने गाडीचं सगळं वागणंच बदलतं. एम३४०आयसारख्या सेडानसमोर दोन दारांची, तेवढ्याच वजनाची गाडी उभी केली, तर दारांवरून काही ठरत नाही.

सी४३चं थोडक्यात आटोपतो. तीन लिटरचा व्ही६, ३९० हॉर्सपॉवर, आवाज सुरेख. पण तिच्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक नुसतं फिरायला लागलं तर ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा, नाही. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरायला लागलं, की गाडी त्या चाकाचा ब्रेक ओढून ते आवरते. रस्त्यावर हे कळतही नाही. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला असं झालं, की आधीच तापलेले ब्रेक आणखी तापतात. एम३४०आयमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा एम स्पोर्ट डिफरन्शियल कंपनीकडूनच बसवलेला येतो. शिवाय सी४३ आता एवढ्या वर्षांची झालेली, कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली. ओळखीतली गाडी असली, तरी तिचा गिअरबॉक्स ट्रॅकवर तुमच्या हातात गेला, तर ओळखीवरही ताण येतो. सोडून द्या.

ब्रेकबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात तीन-तीन गाड्यांची नावं आहेत आणि ब्रेक हा शब्द एकदाही नाही.

गाडीच्या गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. चालकासकट १,८०० किलोची एम३४०आय ताशी २००ने येते आणि तुमची १,३५० किलोची व्हर्टस १५०ने येते, तेव्हा पहिलीत जवळजवळ अडीचपट ऊर्जा असते. वळणाआधी त्यातली बरीचशी डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरते. पुढच्या सरळ पट्ट्यावर डिस्क थोडी निवते, की लगेच पुढचं वळण. पहिल्या दोन लॅप छान जातात. चौथ्या-पाचव्या लॅपला तेच पेडल, तोच पाय, पण गाडी नेहमीच्या खुणेवर थांबत नाही.

इथे पायाला दोन वेगळ्या गोष्टी कळतात आणि दोन्ही ओळखता यायला हव्यात. पेडल घट्ट लागतं पण गाडी मंदावत नाही, तर पॅड त्याच्या कुवतीपेक्षा जास्त तापला आहे. एक-दोन लॅप हळू चालवल्या, की तो बहुतेक वेळा सावरतो. पेडल मऊ झालं, स्पंजसारखं दबत खाली गेलं, तर ब्रेकच्या पाइपातला द्रव, म्हणजे ब्रेक फ्लुइड, उकळलं आहे. द्रव दबत नाही, वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं. अशा वेळी भराभर दोन-तीनदा पंप करा, थोडा दाब परत येतो. त्यावर गाडी हळू करत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आणा. त्या दिवशी फ्लुइड बदलल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका.

आपल्या भागात याचं आणखी एक कारण आहे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावरचा किमान मान फक्त १५५ अंश आहे. खाडीकाठची हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि बेसमेंटमधलं ओलसर पार्किंग, यातून नवी मुंबईतल्या गाडीचं फ्लुइड दोन वर्षांत बरंच उतरलेलं असतं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये याने काही अडत नाही. ट्रॅकवर जायच्या आधी मात्र फ्लुइड बदलायलाच हवं, गाडी कोणतीही असो. पाऊस संपल्यावर बदलून घ्या, डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. जमलं तर डॉट ५.१ घ्या, त्याचा कोरडा मान २६० अंशांचा आहे. नुसतं डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं असतं. ते चुकूनही चालणार नाही. काउंटरवर ‘पॉइंट वन’ नीट सांगा.

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या. सेशन संपलं, की शेवटची लॅप ब्रेक न लावता हळू मारायची आणि पॅडॉकमध्ये गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. डिस्क लाल तापलेली असते, तिच्यावर पॅड किंवा ड्रमचा लायनर दाबून धरला, की उष्णता एका जागी कोंडते. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट किंवा लाकडी ठोकळा लावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ टाकल्यावर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपोआप लागत असेल, तर ते सेटिंग आधी बंद करा.

आता कोणत्या ट्रॅकवर जाणार, तेही बघू. आपल्या जवळ म्हणजे तळेगावपाशी नाणोलीला ट्रॅक झाला आहे. तिथे ट्रॅक डे मिळत असेल, तर तुम्हाला सगळ्यात सोयीचा तोच: सकाळी निघून संध्याकाळी घरी. बाकी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आपल्याकडून १,२०० किलोमीटरच्या पुढे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक त्याहून लांब आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आणखी लांब. करी २.१ किलोमीटरचा, लहान आणि वळणावळणांचा. तिथे एम३४०आयने गॅस पूर्ण दाबला न दाबला, तोच सोडायची वेळ येते. चेन्नई ३.७ किलोमीटर आणि १२ वळणं, वेगही जास्त. बुद्ध ५.१ किलोमीटर, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला जबरदस्त ब्रेकिंग. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वनची ग्रां प्री झाली होती. मोठ्या ताकदीची गाडी बुद्धवर खुलते. तुमचा ग्रुप जातो तो कोइम्बतूर-चेन्नईला, तिथे ताकदीपेक्षा वळणाचा वेग महत्त्वाचा. तो वेग शिकायला हलकी, मॅन्युअल, १५० हॉर्सपॉवरची गाडी फार चांगली, आणि ती तुमच्या दारात उभी आहे.

ताकदवान गाडी नवशिक्याची चूक झाकते, हे माझं ठाम मत आहे. वळणात उशिरा ब्रेक मारलात, चुकीच्या रेषेने गेलात, तरी बाहेर पडताना ३८० हॉर्सपॉवर वेळ भरून काढतात आणि घड्याळ तुम्हाला शाबासकी देतं. व्हर्टसमध्ये वळणात गमावलेला वेग पुढच्या पूर्ण सरळ पट्ट्यावर परत मिळत नाही. चूक लगेच दिसते, आणि ती दिसते म्हणून सुधारते. देशातली कितीतरी रेसर मंडळी फॉर्म्युला एलजीबीच्या एकाच सीटच्या रेस गाड्यांवर तयार झाली, त्यांत मारुती स्विफ्टचं इंजिन असतं. शिकण्यासाठी एवढं पुरतं.

व्हर्टसला काय करायचं? पुढे जास्त तापमान झेलणारे पॅड. मागे ड्रम आहेत, ते ठीक आहेत, फक्त साफ करून सेट करून घ्या. फ्लुइडचं वर लिहिलंच. टायर २०५/५५ आर१६च राहू द्या, फक्त चांगल्या पकडीचे घ्या आणि चार वर्षांहून जुने नकोत. हवा थंड टायरला भरून गेलात, तर चार-पाच लॅपनंतर दाब पाच-सहा पीएसआयने सहज वाढलेला असतो. म्हणून खिशात स्वतःचा गेज ठेवा, सेशन संपल्या संपल्या मोजा, वाढलेली हवा सोडा आणि परतीच्या प्रवासाआधी आठवणीने पुन्हा भरा. पुढचा टोइंग हुक टूलकिटमध्ये आहे का, ते घरीच बघून ठेवा. गरज पडते तेव्हा तो हटकून सापडत नाही.

पाम बीचबद्दल. तुम्ही विश्वासाने लिहिलंत, म्हणून मीही मनापासून सांगतो: ते परत करू नका. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीचा जोर तेवढा कळतो आणि जोर सगळ्या वेगवान गाड्यांना असतो. पाचवी लॅप कशी जाईल, वळणात पुढचं टोक किती सरकेल, तेल किती तापेल, यातलं काहीही कळत नाही. तिथे रस्ता ओलांडणारं माणूस असतं, स्कूटर असते, कुत्रं असतं. अटल सेतूवरही गाड्यांना ताशी १००चीच मर्यादा आहे. ट्रॅकवर झेंडे दाखवणारे मार्शल असतात, गाडी बाहेर गेली तर थांबायला मोकळी जागा (रन-ऑफ) असते, अँब्युलन्स उभी असते. त्यासाठीच आपण एवढ्या लांब जातो.

टेस्ट ड्राइव्ह दिवसा घ्या आणि वेगळ्या गोष्टी बघा. हेल्मेट घालून बसा. सनरूफच्या गाडीत छत दोन-तीन सेंटिमीटर खाली येतं आणि उंच माणसाचं हेल्मेट छताला घासतं. शोरूमवाले बघतील, बघू द्या. मग तीच गाडी तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून आणि युनिटच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून न्या. आईंना मागे बसवा आणि त्यांना उतरायला किती त्रास होतो, तो बघा. इनोव्हा आहे, खरं, पण वर्षाचे ३६० दिवस ही गाडी तुम्ही रस्त्यावर चालवणार आहात, आणि कधीतरी घरची माणसं म्हणतील, आज तुझ्या गाडीतून जाऊ. एम३४०आयला माझं मत जातं त्यात हेही आहे. पावसात चारही चाकांना मिळणारी ताकद आणि मागे तिघांची जागा यांमुळे ती घरची गाडी होऊ शकते. एम२ मध्ये मागे दोघंच, तीही अंग चोरून.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आकड्यांत द्या. हौसेला मोल नसतं, हे आपण म्हणायचं; घर चालवणाऱ्याला मोल विचारायचा हक्क आहे. पॅड, फ्लुइड, टायर, ट्रॅक फी, प्रवास असा व्हर्टसचा एका सीझनचा हिशेब वहीत लिहून त्यांच्यासमोर ठेवा. त्याखाली एम३४०आयचा लिहा. त्याखाली एक ओळ अशी लिहा: नेहमीच्या कार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला संरक्षण नसतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली, तर दुरुस्ती खिशातून. वॉरंटीतही कंपन्या असा वापर वगळतात. आयोजक ज्या कागदावर सही घेतात, तो घरी आणून दोघांनी वाचा. त्यांना एखाद्या ट्रॅक डेला सोबतही न्या. दिवसभर ऊन, रबराचा वास, पंधरा-वीस मिनिटांचं सेशन आणि मग तासभर वाट बघणं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं, तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

सीझन संपल्यावर असं बघा: ठरवलेले सगळे दिवस तुम्ही खरंच गेलात का, आणि शेवटच्या दिवशी व्हर्टस तुम्हाला अपुरी पडली का. दोन्हीला हो असेल, तर एम३४०आय बुक करा. पहिल्याच सर्व्हिसला तिचे पॅड आणि फ्लुइड बदलून घ्या. मूळचे पॅड जपून ठेवा, विकताना लागतात. पहिलं हो आणि दुसरं नाही असेल, तर व्हर्टसच ठेवा आणि मनात खंत ठेवू नका. मधला एक मार्गही आहे, मला स्वतःला फार आवडणारा: स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५. २०२० मध्ये देशात २०० च आल्या. चार दारं, प्रचंड डिकी, पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डिफरन्शियल, २४५ हॉर्सपॉवर, आणि एम३४०आयपेक्षा बरीच हलकी. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास असलेली एखादी ठाण्यात किंवा पुण्यात विकायला निघाली, तर जाऊन बघाच.

राहिला मुलगा. चौदा वर्षांच्या मुलाला ट्रॅकवर शेजारी बसवू नका, आयोजकांनी हो म्हटलं तरी. तुम्ही स्वतः शिकत असताना शेजारी मूल असेल, तर तुमचं निम्मं लक्ष त्याच्याकडे राहील, आणि गाडीतले पट्टे आणि एअरबॅग ट्रॅकवरच्या धडकेसाठी बनवलेले नसतात. त्याला कार्टिंगला न्या. वेगाचा खेळ शिकायची ती खरी पायरी आहे आणि त्याचं वय त्यासाठी अगदी योग्य आहे. महिन्यातून एका रविवारी दोघांनी मिळून जा, तुम्हीही कार्ट घ्या. रेषा, ब्रेकची खूण, समोरच्याला जागा देणं हे सगळं तुम्हालाही तिथेच आधी कळेल, आणि कोइम्बतूरला पोचाल तेव्हा तुमचा हात कोरा नसेल.